वीज-गॅसचं महागडं फिक्स टॅरिफ मुदतीआधी सोडायचं का? ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी घरगुती हिशेब

गेल्या हिवाळ्यात लंडनजवळच्या स्लाऊला आमच्याकडे एक जोडपं जेवायला आलं होतं. पुण्याहून येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. ताटं उचलल्यावर ती मुलगी फोन घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. "काकू, हे बिल बघा ना. आम्ही दोघंच, दिवसभर दोघंही ऑफिसात, तरी एवढं?" बघितलं तर वापर बेताचाच होता, दर मात्र भारी होता. घराची किल्ली मिळाली त्याच आठवड्यात घाईघाईने दोन वर्षांचं फिक्स (मुदतभर दर न बदलणारं टॅरिफ) घेऊन टाकलेलं, आणि आता त्याहून बरेच स्वस्त दर मिळत होते. "मग बदललं का नाही?" विचारलं, तर म्हणाली, "मध्येच सोडलं तर शंभर पौंड दंड आहे ना."

या "दंड" शब्दापाशीच पुष्कळ जण अडकतात. एक्झिट फी हा दंड नाही. करारातून लवकर बाहेर पडण्याची ती आधीच ठरलेली किंमत आहे, आणि ती भरून बाहेर पडणं हा तुमचा हक्क आहे. प्रश्न एवढाच, की ती किंमत भरून तुमचे पैसे वाचतात की नाही. हे अंदाजाने सांगता येत नाही, पण कागद-पेन घेऊन अर्ध्या तासात काढता येतं. त्या रात्री आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर जे केलं, तेच इथे सविस्तर लिहिते.

लेखातले नियम इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचे आहेत. तिथली वीज-गॅसची नियामक संस्था ऑफजेम. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे, तिकडच्या लोकांनी हे नियम जसेच्या तसे धरू नयेत.

आधी महाराष्ट्रातल्या सवयी बाजूला

महावितरणच्या बिलात वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागतो, म्हणून "शंभर युनिटच्या आत राहायचं" हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे बहुतेक टॅरिफमध्ये टप्पे नसतात, पहिल्या युनिटला जो दर तोच हजाराव्याला. दुसरं म्हणजे, कंपनी बदलणं ही इथे रोजची गोष्ट आहे. तारा त्याच, पाइप तोच, मीटर तोच. बदलतं ते फक्त बिल पाठवणारं नाव, त्यामुळे "मध्ये वीज गेली तर?" ही काळजी करू नका. आणि तिसरं, सिलिंडर दीड-दोन महिने पुरण्याची सवय असलेल्यांना इथला गॅसचा आकडा बघून धडकी भरते. इथे गॅस स्वयंपाकाला नगण्य लागतो. खरा जळतो तो बॉयलरमध्ये, घर गरम ठेवायला आणि अंघोळीच्या पाण्याला.

लंडनमधल्या नव्या इमारतींत राहत असाल तर एक गोष्ट तपासा. घरात स्वतःचा बॉयलर नसेल आणि गरम पाणी इमारतीच्या सामाईक यंत्रणेतून येत असेल, तर त्या उष्णतेचा पुरवठादार तुम्हाला बदलता येत नाही. फक्त विजेचा बदलता येतो. हिशेबही मग विजेचाच करायचा.

भाड्याच्या घरात असाल आणि बिल तुमच्या नावावर येत असेल, तर कंपनी निवडायचा हक्क तुमचा आहे. घरमालकाला कळवून ठेवलेलं बरं.

पहिली पायरी: करारातल्या सहा गोष्टी कागदावर उतरवा

बिलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये टॅरिफची माहिती असते. त्यातून टॅरिफचं नाव, ते संपण्याची तारीख, विजेचा प्रति युनिट दर, गॅसचा प्रति युनिट दर, दोन्हींचे रोजचे स्टँडिंग चार्ज (वापर असो वा नसो, रोज लागणारी ठरावीक रक्कम) आणि एक्झिट फी एवढं लिहून घ्या. इथलं एक किलोवॅट-अवर म्हणजेच आपलं एक युनिट, आणि गॅसचं बिलही याच मापात येतं.

एक्झिट फी बहुतेक वेळा प्रत्येक इंधनाची वेगळी असते. कागदावर 50 पौंड लिहिलेले असले आणि तुमच्याकडे वीज आणि गॅस दोन्ही असले, तर ते 100 धरा. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

टॅरिफच्या नावात "स्टँडर्ड व्हेरिएबल" (बदलत्या दराचं टॅरिफ) असं काही असेल तर तुम्ही फिक्सवर नाहीच आहात. त्याला एक्झिट फी नसते, कधीही सोडता येतं. मग पुढचा निम्मा लेख तुमच्यासाठी नाही, थेट दर बघायला लागा.

आणि करार घेऊन चौदा दिवस व्हायचे असतील तर फी न भरता माघार घेता येते. त्यासाठी हा मोठा हिशेबही करायला नको.

दुसरी पायरी: पौंड विसरा, युनिट मोजा

डायरेक्ट डेबिटने दर महिन्याला खात्यातून जाणारी रक्कम म्हणजे तुमचं बिल असं समजू नका. ती कंपनीने वर्षाचा अंदाज काढून बारा भागांत वाटलेली रक्कम असते. उन्हाळ्यात तुमचे पैसे त्यांच्याकडे साठतात, हिवाळ्यात ते संपतात. "माझे महिन्याला 160 जातात आणि मैत्रिणीचे 120, म्हणजे तिचं टॅरिफ स्वस्त" ही तुलना साफ चुकीची आहे. तिचं घर छोटं असेल, तिच्या घराच्या भिंतींत उष्णतारोधक भरलेलं असेल, ती थर्मोस्टॅट 18 वर ठेवत असेल. तुलना फक्त दराची करायची, आणि ती आपल्याच युनिटांवर.

बिलावर "वार्षिक अंदाजे वापर" असा आकडा असतो. तो खरोखरच्या रीडिंगवर बेतलेला आहे की कंपनीने ठोकळेबाज धरलाय, हे बघा. रीडिंगपुढे "एस्टिमेटेड" असं लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. स्मार्ट मीटर असेल तर अ‍ॅपमध्ये महिन्यागणिक आकडे मिळतात. नसेल तर जिन्याखालच्या कपाटात किंवा बाहेरच्या पांढऱ्या पेटीत डोकं घालून मीटर वाचावा लागतो. मोबाइलच्या टॉर्चमध्ये फोटो काढा. काळ्या आकड्यांपर्यंतच वाचा, दशांश चिन्हानंतरचे किंवा लाल चौकटीतले सोडून द्या.

गॅसचा मीटर घनमीटर दाखवतो, बिल मात्र युनिटांत येतं. एका घनमीटरचे साधारण 11.2 युनिट होतात. हा गुणाकार न केल्यामुळे "गॅस तर फारच कमी लागतोय" असं वाटून फसलेले लोक मी पाहिलेत. फारच जुना मीटर घनफुटांत असतो. त्यावर एकने आकडा पुढे गेला म्हणजे शंभर घनफूट, अंदाजे 32 युनिट.

वर्षभराची नोंद नसेल तर ऑफजेमचे 2023 सालचे प्रातिनिधिक आकडे तात्पुरते धरा. छोट्या घराला, एक-दोन माणसांना, वर्षाला वीज 1,800 आणि गॅस 7,500 युनिट. मध्यम घराला 2,700 आणि 11,500. मोठ्या घराला 4,100 आणि 17,000. त्या जोडप्याचा वापर पहिल्या गटाच्या थोडा वर होता.

तिसरी पायरी: आज बाजारात काय दर आहे

बातम्यांमध्ये "प्राइस कॅप इतके पौंड" असा आकडा झळकतो आणि लोकांना वाटतं, यापेक्षा जास्त बिल येणारच नाही. तसं नाही. ऑफजेमने ठरवलेली ही कमाल मर्यादा एकूण बिलावर नसून युनिटच्या दरावर आणि स्टँडिंग चार्जवर आहे, आणि तीही फक्त व्हेरिएबल टॅरिफसाठी. फिक्सला ती लागू होत नाही. 1 जानेवारी 2019 पासून ही मर्यादा आहे, आणि आता ती दर तीन महिन्यांनी, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला बदलते. नवे आकडे त्याच्या साधारण महिनाभर आधी जाहीर होतात.

उदाहरण म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 चा आकडा फोडून बघू. डायरेक्ट डेबिटने भरणाऱ्यांसाठी सरासरी दर होता वीज 26.35 पेन्स, गॅस 6.29 पेन्स, आणि रोजचे स्टँडिंग चार्ज अनुक्रमे 53.68 आणि 34.03 पेन्स. मध्यम घराची 2,700 युनिट वीज म्हणजे 711 पौंड, 11,500 युनिट गॅस म्हणजे 723 पौंड, आणि दोन्हींचे वर्षाचे स्टँडिंग चार्ज 320 पौंड. बेरीज केली की 1,755 च्या आसपास. बातमीतला आकडा हाच. एकही दिवा न लावता, एकदाही बॉयलर न चालवता 320 पौंड जातात, हे नीट लक्षात ठेवा. कमी वापर असलेल्या घरात स्टँडिंग चार्जमधला फरक युनिटच्या दराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

हे दर विभागागणिक बदलतात. देशात चौदा विभाग आहेत, त्यामुळे लीड्सला राहणाऱ्या भावाच्या बिलावरचा दर स्लाऊच्या हिशेबात घालू नका. तुमचा पोस्टकोड टाकून आलेलेच दर धरा.

तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर जरूर जा, पण "तुमचे इतके पौंड वाचतील" या मोठ्या अक्षरातल्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. पुष्कळदा तो असा काढलेला असतो, की तुमचं सध्याचं फिक्स अमुक महिन्यात संपेल, मग वर्षाचे उरलेले महिने तुम्ही महागड्या व्हेरिएबलवर राहाल, आणि या सगळ्याच्या तुलनेत नवं टॅरिफ इतकं स्वस्त. पण करार संपल्यावर तुम्ही व्हेरिएबलवर बसून राहणार आहात असं कुणी सांगितलं? तिथून फक्त नवे दर उतरवून घ्या, आकडेमोड स्वतः करा.

चौथी पायरी: उरलेल्या महिन्यांचाच हिशेब

आतापर्यंत जास्त भरलेले पैसे या हिशेबात येत नाहीत. ते गेले. "इतकं भरलंच आहे तर पूर्ण करून टाकू" किंवा "आता तरी सूड उगवू" या दोन्ही भावना बाजूला ठेवा. आजपासून करार संपेपर्यंतचा काळ, तेवढाच बघायचा.

समजा तुमच्या फिक्सचा दर वीज 29.5 आणि गॅस 7.6 पेन्स, स्टँडिंग चार्ज 55 आणि 33. नवं टॅरिफ मिळतंय वीज 25, गॅस 6.1, स्टँडिंग चार्ज 52 आणि 30. म्हणजे विजेच्या युनिटमागे साडेचार पेन्स, गॅसच्या युनिटमागे दीड पेन्स आणि रोजचे सहा पेन्स वाचणार. एक्झिट फी दोन्हींची मिळून 100 पौंड.

आता करार मेअखेर संपतोय आणि तुम्ही 1 ऑक्टोबरला हिशेब करताय असं धरा. मध्यम घराला या आठ महिन्यांत साधारण 1,900 युनिट वीज आणि 10,000 युनिट गॅस लागेल. वीज: 1,900 गुणिले साडेचार पेन्स, साडेपंच्याऐंशी पौंड. गॅस: 10,000 गुणिले दीड पेन्स, 150 पौंड. स्टँडिंग: 243 दिवस गुणिले सहा पेन्स, साडेचौदा पौंड. एकूण 250. त्यातून फी वजा केली तरी 150 पौंड खिशात राहतात. सोडा, विचार करत बसू नका.

तेच घर, तेच दर, तीच फी. फक्त हिशेब 1 एप्रिलला, आणि करार जुलैअखेर संपणारा. चार महिन्यांत वीज 800, गॅस 2,000. वीज 36 पौंड, गॅस 30, स्टँडिंग 122 दिवसांचे सव्वासात. एकूण 73. फी 100. इथे सोडलं तर सत्तावीस पौंडांचं नुकसान.

दरांतला फरक तोच असून निकाल उलटा लागला, कारण थंडी. महिने नुसते मोजू नका, त्या महिन्यांत बॉयलर किती चालणार ते मोजा. आमच्या घरी वर्षाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांतच जळतो. जूनमध्ये फक्त अंघोळीपुरता. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की हा हिशेब सप्टेंबरअखेर करावा, थंडी तोंडावर असताना. एप्रिलमध्ये दर उतरल्याची बातमी वाचून घाईने फी भरणारे बहुतेक वेळा आपल्याच खिशातून देतात. वर्षाच्या वापराला सरळ बाराने भागून केलेला हिशेब मला कुणी दाखवला, की मी त्याला मागच्या वर्षीची बिलं काढायला लावते.

नवं टॅरिफ निवडताना समोर काय ठेवताय तेही बघा. फिक्सच्या समोर फिक्स ठेवा. स्वस्त दिसणाऱ्या व्हेरिएबलवर गेलात तर तो दर जास्तीत जास्त तीन महिन्यांचा पाहुणा. ऐन जानेवारीत तो वर गेला तर काढलेला फायदा विरघळतो. आणि रोज किंवा दर अर्ध्या तासाला बदलणारे दर असलेली टॅरिफं स्वस्त पडू शकतात, पण इथे येऊन पहिलाच हिवाळा असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. आधी आपलं घर किती गॅस खातं ते कळू दे.

हे मी अनुभवाने सांगतेय. ऑगस्ट 2022 च्या शेवटी ऑक्टोबरपासूनची मर्यादा 3,549 पौंड जाहीर झाली, तेव्हा आमच्या गल्लीत भीतीचं वातावरण होतं. आम्ही दोन वर्षांचं फिक्स घेतलं, दर आजच्यापेक्षा कितीतरी जास्त, एक्झिट फी दोन्हींची मिळून 300. पुढच्याच महिन्यात, 8 सप्टेंबरला, सरकारने दर गोठवण्याची हमी जाहीर केली. तिची सवलत फिक्सवाल्यांनाही मिळाली, त्यामुळे पहिला हिवाळा निभावला. पण जुलै 2023 मध्ये मर्यादा 2,074 पर्यंत उतरली आणि ती सवलत शून्यावर आली. आमचा फिक्सचा पूर्ण दर उघडा पडला. विजेच्या युनिटमागे पंधरा-सोळा पेन्स आणि गॅसमागे पाच-सहा पेन्स आम्ही शेजाऱ्यांपेक्षा जास्त भरत होतो. तरीही 300 हा आकडा बघून आम्ही थांबलो. "बघू, उतरेल अजून," असं म्हणत अख्खी दिवाळी गेली. डिसेंबरचं बिल हातात आल्यावर ह्यांनी आणि मी पहिल्यांदा बसून गुणाकार केला, तेव्हा कळलं की ती फी थंडीच्या दोन-अडीच महिन्यांतच वसूल झाली असती. सप्टेंबरमध्ये अर्धा तास दिला असता तर मुलाच्या शाळेच्या सहलीचे पैसे त्यात निघाले असते.

पाचवी पायरी: फी भरण्याआधी दोन दारं ठोठावा

पहिलं दार तुमच्याच कंपनीचं. बऱ्याच कंपन्या त्यांच्याच दुसऱ्या टॅरिफवर जाणाऱ्या ग्राहकाकडून एक्झिट फी घेत नाहीत, पण ते आपणहून सांगतीलच असं नाही. चॅटवर सरळ विचारा, "तुमच्याच नव्या फिक्सवर आलो तर फी माफ आहे का?" आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. बाहेरच्या कंपनीचा दर थोडा कमी असला तरी फी वाचल्यामुळे घरातलंच टॅरिफ जास्त फायद्याचं ठरू शकतं. त्या पुण्याच्या जोडप्याचं नेमकं हेच झालं. शंभर पौंडांची भीती पाच मिनिटांच्या चॅटमध्ये संपली.

दुसरं दार 49 दिवसांचं. करार संपायच्या आधीच्या 49 दिवसांत कंपनीला एक्झिट फी घेता येत नाही. वरच्या उदाहरणात करार 31 जुलैला संपतोय, म्हणजे 12 जूनपासून दार उघडं. कंपनीकडून मुदत संपत आल्याचं पत्रही याच सुमारास येतं. खरं म्हणजे तुमची मोकळीक करार संपण्याच्या सात आठवडे आधीच सुरू होते, तेव्हा हिशेबातले "उरलेले महिने" तिथपर्यंतच मोजा. माझ्या वरच्या दोन्ही बेरजा त्यामुळे थोड्या फुगलेल्या आहेत. मेअखेरच्या उदाहरणात शेवटचे सात आठवडे वजा केले तरी फायदा शंभराच्या वर राहतो. जुलैच्या उदाहरणात मात्र तोटा आणखी वाढतो, आणि अडीच महिने थांबलात तर फुकट सुटता.

ही तारीख आत्ताच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. न टाकल्यास करार संपतो, तुम्ही आपोआप व्हेरिएबलवर जाता आणि कळतही नाही.

घर बदलणार असाल तर कंपनीला आधी विचारा की टॅरिफ नव्या पत्त्यावर नेता येईल का, आणि न नेल्यास फी लागेल का. प्रत्येक करारात याचं उत्तर वेगळं असतं.

सहावी पायरी: प्रत्यक्ष बदलताना

जुन्या कंपनीला फोन करून "आम्ही जातोय" सांगायची गरज नसते. नव्या कंपनीकडे नोंदणी केली की बाकीचं त्या दोघी आपापसांत उरकतात. साधारण पाच कामकाजाच्या दिवसांत बदल होतो. जुनी थकबाकी 28 दिवसांपेक्षा जुनी असेल तर मात्र ती चुकती करेपर्यंत जुनी कंपनी तुम्हाला अडवू शकते. प्रीपेमेंट मीटरवाल्यांना (आधी पैसे भरून वीज-गॅस वापरणाऱ्यांना) थकबाकीसकट बदलण्याची वेगळी सोय आहे, ती विचारून घ्या.

बदलाच्या दिवशी दोन्ही मीटरचे फोटो काढा, तारखेसह. स्मार्ट मीटर असला तरी काढा. दोन कंपन्यांच्या रीडिंगमध्ये फरक निघाला तर तुमच्याकडे तो एकच पुरावा असतो.

शेवटचं बिल सहा आठवड्यांत यायला हवं. त्यात एक्झिट फी ठरल्याइतकीच लावलीय का, आणि खात्यात साठलेले पैसे वजा केलेत का, हे बघा. उरलेली शिल्लक अंतिम बिलानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवी. उन्हाळ्याच्या शेवटी सोडलं तर ही शिल्लक शे-दोनशे पौंडांचीही असते, आणि ते पैसे तुमचेच असतात, ती टॅरिफ बदलल्याची बचत समजू नका. उलट मार्चमध्ये सोडलं तर थोडी बाकी निघू शकते, त्यानेही बिचकू नका, तो गॅस तुम्ही आधीच जाळलेला आहे. जुन्या कंपनीचं डायरेक्ट डेबिट शेवटचं बिल मिटेपर्यंत बँकेत रद्द करू नका.

काही चुकलंच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, फोनवरच्या बोलण्यावर थांबू नका. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर एनर्जी ओम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं, तिथे पैसे पडत नाहीत. इंग्रजीत पत्र लिहायला अवघड वाटत असेल तर लोकांना सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसचे लोक मोफत मदत करतात. जाताना मीटरचे फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट आणि शेवटची दोन बिलं बरोबर ठेवा.